बिलावर सिंथेटिक, इंजिनात ड्रममधलं

2024 च्या गणपतीला गावी जाताना माणगावच्या कोंडीत माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चिन्ह लुकलुकायला लागलं. गाडी पुढे सरकली की ते जायचं, थांबली की परत यायचं. मागच्या सीटवर मुलगी आणि सासूबाई, डिकीत गणपतीचं सामान, पुढेमागे दोन किलोमीटर गाड्या. मी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलून कडेला घेतली. तिथल्या एका मेकॅनिकने गेजची पट्टी काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. मग त्याने तेल भरायचं झाकण उघडलं आणि मला बोलावून आत बघायला सांगितलं. आत डांबरासारखा काळा थर होता. त्याने बोट फिरवलं तर ते निथळलं नाही, बोटाला चिकटून राहिलं. "ताई, शेवटचं ऑइल कधी बदललं?" त्याने विचारलं. सहा महिन्यांपूर्वी बदललं होतं, आणि तेही फुल्ली सिंथेटिक. निदान मी पैसे तरी त्याचेच दिले होते.

ही हकिकत लिहिते आहे, कारण माझ्याच बिल्डिंगमधल्या आणखी दोन गाड्या त्याच गॅरेजमध्ये जायच्या. मुंबईत अशी गॅरेजं किती असतील, याचा अंदाज मला आता येतो.

माझी छोटी पेट्रोल गाडी 2018 ची. वॉरंटी होती तोवर सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरमध्ये केलं. पुढे तिथलं बिल परवडेना, म्हणून भांडुपला घराजवळच्या एका गॅरेजमध्ये जायला लागले. मालक बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्याने मला साधं आणि सिंथेटिक यातला फरक नीट समजावून सांगितला, आणि त्याने सांगितलेलं बरंचसं खरं होतं. सिंथेटिक उष्णतेने लवकर खराब होत नाही, सकाळी गाडी सुरू करताच इंजिनभर पटकन पोहोचतं, जास्त दिवस टिकतं. "मॅडम, रोज बीकेसीला जाता, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण साधं टाकू नका." मला पटलं. साधं तेल टाकलं असतं तर बिल हजार-बाराशेने कमी झालं असतं. पण गाडीच्या जिवापेक्षा हजार रुपये मोठे नाहीत, असा विचार मी केला. तीन सर्व्हिसिंग झाली, दर वेळी साधारण 3,600 रुपये. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं: फुल्ली सिंथेटिक 4 लिटर, ऑइल फिल्टर, इंजिन फ्लश, मजुरी.

माणगावला लिटरभर तेल भरल्यावर दिवा गेला. पाच दिवसांनी मुंबईत परतलो, तोवर सकाळी गाडी सुरू केली की टॅपेटचा टकटक आवाज येऊ लागला होता. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आवाज ऐकल्याबरोबर म्हणाले, "अगं, ही कोरडी चालतेय." त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर चढवली. काका टॉर्च घेऊन खाली गेले आणि दोन मिनिटांनी मला हाक मारली.

ऑइल फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा, इंजिनाच्या बुडाशी आट्यांवर बसवलेला असतो. त्यावर पांढऱ्या रंगाने आकडा लिहिलेला होता: 41320. कंपनीच्या सेंटरमध्ये शेवटचं सर्व्हिसिंग झालं, तेव्हा तिथल्या पोराने किलोमीटरचं रीडिंग फिल्टरवर लिहून ठेवलं होतं. जुनं बिल काढून बघितलं तर आकडा तोच. गाडी आता 68,000 च्या पुढे गेली होती. म्हणजे तीन वेळा मी नव्या फिल्टरचे पैसे दिले आणि फिल्टर एकदाही बदललेला नव्हता. मी तिथेच उभी राहून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. तेलाबद्दल कुणी वाद घातला असता, पण या आकड्यावर वाद घालायला जागाच नव्हती.

फिल्टरची गाळण्याची शक्ती संपली की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच इंजिनात फिरतं. इंजिन चालत राहतं, म्हणून आपल्याला काही कळत नाही. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर खाली उतरवल्यावर दिसलं की तेल ओढून घेणारी जाळी गाळाने अर्धी बुजली होती. टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर बदलावा लागला, हेड कव्हर काढून सगळं धुवावं लागलं. खर्च 26,500 रुपये. काका म्हणाले, चिन्ह दिसल्यावर तशीच दामटली असतीस तर क्रँकचे बेअरिंग गेले असते आणि इंजिनच उतरवावं लागलं असतं. हे चिन्ह सर्व्हिसिंगची आठवण करून देण्यासाठी नसतं. तेलाचा दाब पडलाय, हे ते सांगत असतं. ते दिसल्यावर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ म्हणायचं नाही, जागेवर इंजिन बंद करायचं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या घेऊन मी आणि काका त्या गॅरेजमध्ये गेलो. वाटेत काकांनी मला 0डब्ल्यू-20 तेलाचा एक लिटरचा सीलबंद डबा घ्यायला लावला होता. माझ्या गाडीच्या पुस्तकात हाच ग्रेड दिलेला आहे. गॅरेजमध्ये पोचल्यावर काही न सांगता काकांनी पोराकडे सिंथेटिक मागितलं. त्याने आतून एका मोठ्या कंपनीचा चकचकीत डबा आणला, पण झाकणाखालची कडी तुटलेली होती. "अर्धा आधीच्या गाडीत गेला," पोरगा म्हणाला. काकांनी पत्र्याचा एक तुकडा तिरका धरला आणि त्यावर शेजारीशेजारी दोन थेंब सोडले, एक माझ्या डब्यातला, एक त्याच्या. माझा थेंब सरसर खाली गेला. त्याचा काकवीसारखा जागीच बसला, मग सावकाश ओघळला. डब्यावर मात्र 0डब्ल्यू-20 च छापलेलं होतं.

आत पडद्यामागे एक निळा ड्रम होता, त्याला हातपंप. बाजूला तशाच चकचकीत रिकाम्या डब्यांची रांग.

मालकाचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "मॅडम, मुंबईच्या गर्मीत ते पातळ ऑइल चालत नाही. आम्ही गाडीच्या भल्यासाठी जाड टाकतो." हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल, म्हणून ते कुठे चुकतं ते सांगते. 0डब्ल्यू-20 मधला डब्ल्यू थंडीचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा तेल गार असताना कसं वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा 100 अंशांना ते किती जाड राहतं ते सांगतो. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान 90 अंशांच्या आसपास सांभाळतो, बाहेर मे महिना असो की डिसेंबर. मुंबईच्या हवेचा तिथे फारसा संबंध उरत नाही. आजच्या इंजिनांच्या तेलवाहिन्या आणि फटी पातळ तेल धरून आखलेल्या असतात. त्यात 20डब्ल्यू-50 सारखं जाड तेल घातलं की सकाळी वरच्या भागापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं घासतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या ड्रममधलं तेल नक्की कसलं होतं, याची प्रयोगशाळेत तपासणी मी केलेली नाही. ते साधं मिनरल असेल, किंवा जुनं काळं तेल गाळून विकतात त्यातलंही असेल. डब्यावर छापलेलं मात्र ते नव्हतं. आणि मिनरल तेल हे काही विष नाही. काका म्हणतात, आपल्या पद्मिनी टॅक्सी आयुष्यभर त्याच्यावर धावल्या आणि 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या त्या वयोमर्यादेमुळे. गाडीच्या पुस्तकात मिनरल चालतं असं असेल, ग्रेड बरोबर असेल आणि तुम्ही ते 5,000 किलोमीटरला बदलत असाल, तर त्यात कमीपणा नाही. घात होतो तो साधं तेल सिंथेटिकच्या भरवशावर चालवल्याने. सिंथेटिक टाकलंय म्हणून मी निर्धास्तपणे 9,000 किलोमीटर काढत होते. त्यात भांडुप ते बीकेसी रोजची रखडपट्टी. ताशी पंधराच्या सरासरीने 9,000 किलोमीटर म्हणजे इंजिनाचे 600 तास. हायवेवर ताशी साठने हेच अंतर दीडशे तासांत संपतं. किलोमीटरचा काटा हे तास दाखवत नाही. चुकीचं तेल, सडलेला फिल्टर आणि चौपट तास, असं तिन्ही बाजूंनी इंजिन मार खात होतं.

रंगावर जाऊ नका, हेही मला नव्याने कळलं. चांगलं तेल आतली काजळी स्वतःत ओढून घेतं, त्यामुळे तेही काळं होतं. पट्टीवर तेल काळं दिसलं म्हणून फसवणूक झाली असं नाही, आणि सोनेरी दिसलं म्हणून ते खरं असंही नाही. सेमी-सिंथेटिकमध्ये सिंथेटिक किती टक्के ते तर डब्यावर लिहिलेलंच नसतं. माझ्या गाडीला फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास तेल लागतं, पुस्तकाच्या शेवटच्या पानांत हा आकडा आहे. मी तीन वेळा चार लिटरचे पैसे दिले आणि उरलेलं लिटर कुठे गेलं, हे एकदाही विचारलं नाही.

मालकाने पुढचं सर्व्हिसिंग फुकट करून देतो म्हटलं. मी नको म्हणाले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे होत्या त्या साध्या चिठ्ठ्या, जीएसटी नंबर नाही, एकीवर तर तारीखही नाही. तीनपैकी दोनच सापडल्या. तरी फिल्टरवरच्या आकड्याचा फोटो आणि कंपनीच्या सेंटरचं जुनं बिल आहे. उपनगराचा जिल्हा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कागद मी जुळवले आहेत, सोडणार नाही. तुम्ही मात्र चिठ्ठीवर समाधान मानू नका, पक्कं बिल मागा. त्यावर तेलाचं नाव, ग्रेड आणि लिटर लिहून घ्या.

आता तेल आणि फिल्टर मी स्वतः विकत आणते. पुस्तकातला ग्रेड आणि एपीआयचं, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं मानक डब्याशी ताडून बघते, सील माझ्यासमोर फोडायला लावते. जुना फिल्टर हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही, आणि नव्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर घालते. पहिल्यांदा मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहायला संकोच वाटला होता. बाई माणूस गाडीखाली वाकून बघतेय म्हणून दोघेतिघे हसलेही. हसू देत.

रिकामा डबाही मी घरी आणते. परवा भंगारवाला आला तेव्हा तो बाहेर ठेवला होता. त्याने उचलून फिरवून बघितला, तळाशी मी सुरीने घातलेली चीर दिसल्यावर खाली ठेवला. "कटा हुआ है मॅडम, ये किलो में जाएगा," तो म्हणाला. "ढक्कन के साथ साबूत देते तो एक का बीस रुपया मिलता."