हॉलिहॉक, फॉक्सग्लव्ह की डेल्फिनियम?

इंग्लंडात घर घेतलं, मागे छोटी बाग मिळाली, की कॉटेज गार्डनची, म्हणजे दाटीवाटीने फुललेल्या गावठी बागेची, हौस येतेच. माणसाच्या उंचीचं फुलझाड म्हटलं की ही तीन नावं पुढे येतात. उंची तिघांचीही दीड-दोन मीटरच्या घरातली, तेव्हा ती मोजत बसू नका. ऊन किती येतं आणि तुमच्यापाशी वेळ किती आहे, ते आधी बघा.

दिवसभर उन्हाची भिंत असेल आणि मुळाशी पाणी साचत नसेल, तर डोळे मिटून हॉलिहॉक. हा आपला गुलखैरा, भेंडी-जास्वंदीचा भाऊबंद. फूल बघताच नातं कळतं. जुलैपासून दांडा खालून वर फुलत जातो. मूळ खोल जातं, म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावा. दुखणं एकच, तांबेरा. १८७३ मध्ये तो ब्रिटनमध्ये आला आणि मुक्काम ठोकून बसला. खालची पानं नारिंगी ठिपक्यांनी भरली की मी ती खुडून टाकते आणि बुटक्या झाडांआड उघडा बुंधा लपवते.

सावली जास्त असेल तर फॉक्सग्लव्ह. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी जूनच्या सुमाराला फुलं, आणि बहुतेकदा तिथेच झाड संपतं. पण बी आपोआप पडून रोपं उगवत राहतात. दरवर्षी फुलं हवीत तर लागोपाठ दोन वर्षं बी पेरा. गोगलगायीही त्याच्या फारशा वाटेला जात नाहीत. मात्र अख्खं झाड विषारी. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये त्याचा औषधी उपयोग मांडला, तोही मात्रा जपण्याची ताकीद देऊन. घरात रांगतं मूल असेल तर नकोच. माझी आई इथे आली की कुंपणालगतचं प्रत्येक पान भाजीच्या नजरेने बघते, म्हणून मी तिला हे झाड पहिल्याच दिवशी दाखवते.

डेल्फिनियमसारखा निळा रंग बाकी दोघांकडे नाही, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. पण ऊन हवं, भरपूर खत हवं, वारा नको, दांड्यागणिक काठी हवी. पहिला बहर ओसरताच दांडे कापले तर उन्हाळा सरताना थोडी फुलं पुन्हा येतात. तेही विषारीच, तरी गोगलगायी वसंतातले कोंब एका रात्रीत फस्त करतात. टॉर्च घेऊन त्या वेचायची तयारी असेल तरच घ्या. मी एकच ठेवलंय, मोठ्या कुंडीत, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.