संडास आणि खरकट्यावरचा गॅस : चौदा महिन्यांनंतर

मावळात आमचं बैठं घर आहे. परसात दोन घनमीटरचा दीनबंधू घुमट (जमिनीखालच्या गोबरगॅस टाकीचा एक प्रकार) पुरलाय आणि त्याला संडास नि स्वयंपाकघरातलं खरकटं, दोन्ही जोडलंय. दावणीला जनावर एकही नाही. "शेणाशिवाय गोबरगॅस कसला?" हे सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून आधी आकडे.

घरात पाच माणसं. माणशी मैल्यातून दिवसाला तीस-चाळीस लिटर गॅस, म्हणजे पाचांचा मिळून पावणेदोनशेच्या आसपास. त्यावर चहा होतो, थोडं दूध तापतं, संपलं. खरा गॅस देतं ते खरकटं. शिळा भात, भाजीची देठं, शेजारच्या खानावळीतलं उरलंसुरलं, असं रोज चार किलो. सगळं धरून शेगडी सव्वा तास चालते. सिलिंडर पूर्वी चाळीस दिवस जायचा, आता अडीच महिने. संडासाचा फायदा गॅसात मोजूच नका. वेगळी सेप्टिक टाकी बांधावी लागली नाही, तो मोजा.

सासूबाईंना पटवायला देहूला नेलं होतं. तिथले डॉक्टर मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गॅससाठी आयुष्य वेचलं, २०१७ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि परतताना एवढंच म्हणाल्या, "चहा करा, नैवेद्य नाही." तो करार आजही पाळतो.

सुरुवातीला शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) भरावाच लागतो, दोन ट्रॉल्या शेण विकत आणलं. पहिला गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यायचा. आमच्या गवंड्यानं हे सांगितलंच नव्हतं. आठवडाभर काडेपेटी झिजवली.

सातव्या महिन्यात मात्र टाकी आंबली. दिराच्या मुलाची मुंज होती. उरलेला भात आणि जिलबीचा पाक मीच हौसेनं दोन दिवसांत ओतला. तिसऱ्या दिवशी आंबूस वास, गॅस भरपूर, पण ज्योत धरेना. भात-साखरेचं आम्ल झटकन होतं आणि मिथेन करणारे जिवाणू हळू, त्यांना ते झेपत नाही. खरकटं बंद केलं, थोडी चुन्याची निवळी घातली, रोज शेजाऱ्यांकडून दोन बादल्या शेणकाला आणला. निळी ज्योत यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून लिंबाच्या सालीही बाजूला ठेवते.

संडासात फिनेल, ॲसिड नाही, घासायला ब्रश आणि कोमट पाणी. पाहुण्यांना हे सांगताना संकोच वाटतो, म्हणून दारावर पाटीच लावली. संडासातली फ्लशची टाकीही काढून टाकली, उतरत्या भांड्याला तांब्या-दोन तांबे पुरतात. जास्त पाणी गेलं की कच्चा माल कुजायच्या आधीच बाहेर ढकलला जातो. मोरीचं साबणाचं पाणी तर जोडूच नका.

थंडीत गॅस निम्म्यावर येतो. पावसाळ्यात नळीत पाणी साचून ज्योत भकभकते, खालचा कॉक उघडून ते काढलं की ठीक. शेगडी बायोगॅसचीच हवी, सिलिंडरच्या शेगडीची भोकं बारीक पडतात.

घुमटातून बाहेर पडणारी रबडी (कुजलेला पातळ गाळ) नारळ-केळींना घालते, मेथी-कोथिंबिरीला कधीच नाही. जंताची अंडी चिवट असतात.

पुण्यातल्या बहिणीनं विचारलं, तिला नको म्हटलं. तिच्याकडे दोन माणसं, डबा बाहेरून येतो आणि जागा फक्त बाल्कनीत.