पार्ल्यातील पाश्चात्त्य वनौषधींचे दुकान : चहा उत्तम, अर्क मध्यम, विचारपूस अपुरी

मुंबईत काष्ठौषधींची वानवा कधीच नव्हती. काळबादेवीपासून दादरपर्यंत हिरडा, बेहडा, अनंतमूळ आणि ज्येष्ठमध पुड्यांत बांधून देणारी दुकाने पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत आणि होमिओपॅथीची मदर टिंक्चरे, म्हणजे विरळ न केलेले मूळ अर्क, तर उपनगरांतल्या लहान दुकानांतही मिळतात. युरोपातील वनस्पती तेथील वैद्यकीय परंपरेच्या पद्धतीने, म्हणजे तिच्या मात्रेत, तिच्या काढण्याच्या कृतीसह आणि तिच्या पथ्यापथ्यासह विकणारे दुकान मात्र मला अलीकडेच विलेपार्ले पूर्वेला सापडले. गेले काही महिने मी तेथून कॅमोमाइल, थाइम, एल्डरची फुले, व्हॅलेरियनचा अर्क आणि कॅलेंडुलाचे मलम नियमित घेत आहे आणि त्यांची सल्लासेवाही एकदा घेतली आहे. दुकान चालवणाऱ्या बाईंना प्रसिद्धी नको आहे. शिवाय पुढे एक गंभीर तक्रारही मांडायची आहे, म्हणून दुकानाचे नाव येथे देत नाही.

आत शिरताच समोर एक पाटी दिसते : ‘येथे होमिओपॅथीची औषधे मिळत नाहीत.’ ही पाटी आवश्यकच आहे, कारण कॅलेंडुला आणि इकिनेशिया ही नावे आपल्याकडे बहुतेकांना होमिओपॅथीमुळेच माहीत झाली आहेत. दोन्हींकडे वनस्पती तीच असते, पण उपयोगाची रीत अगदी वेगळी. होमिओपॅथीत मूळ अर्क पायरीपायरीने विरळ करत नेतात, तर पाश्चात्त्य वनौषधीत वनस्पतीचा अर्क भौतिक मात्रेत दिला जातो : एक भाग सुकी वनस्पती आणि पाच भाग द्रावक अशा प्रमाणाचा अर्क असेल, तर प्रौढ माणसाला साधारण दोन ते पाच मिलिलिटर, दिवसातून दोन-तीन वेळा. मात्रा खरी असल्यामुळे परिणामही खरा असतो आणि अपायही खरा असू शकतो. या दुकानाचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हायला हवे.

सुरुवात सर्वांत चांगल्या वस्तूने करतो. येथील कॅमोमाइल पुडीतल्या भुकटीच्या रूपात येत नाही, अख्ख्या फुलांच्या रूपात काचेच्या बरणीतून तोलून मिळते. बाईंनी पहिल्याच भेटीत एक फूल तळहातावर ठेवून नखाने मधोमध उभे चिरून दाखवले. पिवळा उंचवटा आतून पोकळ होता. जर्मन कॅमोमाइलची ही खूण. रोमन कॅमोमाइलचा उंचवटा आतून भरीव असतो. दोन्ही एकाच कुळातल्या असल्या तरी वनस्पती वेगळ्या आहेत आणि बाजारात त्यांची सरमिसळ होत असते. ग्राहकाला अशी पारख शिकवणारा दुकानदार मला इतरत्र क्वचितच भेटला आहे. याच कुळात शेवंती आणि झेंडू येतात. ज्यांना त्या फुलांच्या संपर्काने खाज किंवा शिंका येतात त्यांनी कॅमोमाइल जपून घ्यावे, अशी स्पष्ट सूचना बरणीवरच्या चिठ्ठीत मराठीत लिहिलेली आहे. त्याच चिठ्ठीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, कोणत्या देशातून आली, कोणत्या हंगामात तोडली आणि कृती हे सारे आहे. उकळते पाणी ओतून भांड्यावर झाकण ठेवावे आणि दहा मिनिटे थांबावे, असे कृतीत सांगितले आहे. झाकणाचा आग्रह योग्यच आहे, कारण कॅमोमाइलचे उडणारे तेल वाफेबरोबर निघून गेले तर कपात नुसते पिवळे पाणी उरते.

मुंबईच्या हवेचाही येथे विचार केलेला दिसतो. जून ते सप्टेंबर या काळात सुकी फुले कागदी पिशवीत ठेवली तर ती मऊ पडतात, वास जातो आणि पुढे बुरशी धरते. दुकान पावसाळ्यात पन्नास ग्रॅमहून अधिक माल एका ग्राहकाला देत नाही आणि रिकामी बरणी परत आणल्यास पैसे वळते करते. विक्री कमी होईल हे ठाऊक असूनही पाळलेला हा नियम मला मनापासून आवडला.

मार्शमॅलो या वनस्पतीच्या मुळाबाबतही हीच दक्षता आहे. ते उकळायचे नाही. गार पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी गाळून घ्यायचे, म्हणजे त्यातला बुळबुळीत चिकट अंश पाण्यात उतरतो आणि घशाला व पोटाला आराम देतो. आयुर्वेदातील हिम (गार पाण्यात भिजवणे) आणि फांट (गरम पाण्यात भिजवणे) या कल्पना ज्यांना परिचित आहेत त्यांना हे लगेच समजेल. थाइमची पाने मधात मुरवून केलेले खोकल्याचे चाटणही चांगले आहे. एल्डरची फुले मात्र वासाला फिकी निघाली. ती बहुधा जुनी असावीत.

खरेदीबरोबर एक छोटी मराठी पुस्तिका मिळते. तीत या परंपरेचा इतिहास दिला आहे आणि तो बराचसा अचूक आहे. पहिल्या शतकात सुमारे सहाशे वनस्पतींची नोंद करणारा ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस, वनस्पतींचे उष्ण-शीत आणि आर्द्र-रूक्ष असे गुण पायऱ्यांनी मांडणारा रोमन काळातील वैद्य गॅलेन, मठांतल्या औषधी बागा आणि बाराव्या शतकातील जर्मन मठवासिनी हिल्डेगार्ड हे टप्पे त्यात नीट आले आहेत. सतराव्या शतकातील इंग्रज वनौषधीतज्ज्ञ निकोलस कल्पेपरवरचे पान सर्वांत सुंदर आहे. लंडनच्या वैद्यमंडळाचा लॅटिन औषधकोश त्याने 1649 मध्ये इंग्रजीत आणला, 1652 मध्ये स्वतःचा वनस्पतिग्रंथ स्वस्त किमतीत काढला आणि कुंपणाकडेला उगवणारी औषधे गरिबाच्या आवाक्यात आणून ठेवली. वैद्यमंडळाचा रोष त्याने पत्करला आणि वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला.

तथापि या सगळ्याला पुस्तिका ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ म्हणते, ते मला पटत नाही. ही परंपरा अनेकदा तुटली आणि अनेकदा परक्या हातांनी जोडली गेली. ग्रीक ज्ञानाचा मोठा भाग अरबी भाषेतून लॅटिनमध्ये परत आला. पर्शियन वैद्य इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ बाराव्या शतकात भाषांतरित होऊन युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला गेला. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वनौषधी-व्यवसायाला नवे बळ तर अमेरिकेतून मिळाले. न्यू हॅम्पशरच्या सॅम्युएल थॉमसनने लोबेलिया ही रानटी वनस्पती आणि लाल मिरची यांवर आधारलेल्या उपचारपद्धतीचे 1813 मध्ये पेटंट घेतले आणि अल्बर्ट कॉफिनने पुढे तीच धाटणी इंग्लंडच्या गिरणगावांत नेली. कामगारांच्या याच वस्त्यांतून वाढलेल्या चळवळीतून 1864 मध्ये ब्रिटनमधील वनौषधी-चिकित्सकांची संघटना उभी राहिली आणि ती आजही कार्यरत आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या शहरातील वाचकाला हा भाग विशेष भिडला असता. पुस्तिकेत त्याला एक ओळही मिळालेली नाही.

त्याहून खटकणारी उणीव आपल्या घरची आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याला सोळाव्या शतकात मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते आणि येथे त्याची बाग होती. भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला आणि चारच वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप केल्यामुळे तो युरोपभर वाचला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम डायमॉकने मुंबईत राहून पश्चिम भारतातील वनस्पतिद्रव्यांची तपशीलवार नोंद केली, तर ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची तयार केली. पाश्चात्त्य वनौषधी ही परक्या मुलखातून आपल्याकडे आलेली नवलाई नाही, तिच्या घडणीत या बेटाचा वाटा आहे, हे सांगण्याची संधी पार्ल्याच्या दुकानाने दवडायला नको होती.

अर्कांबाबत माझे मत मध्यम आहे. येथील सर्व अर्क मद्यार्कात न काढता वनस्पतिजन्य ग्लिसरीनमध्ये काढलेले आहेत. ते गोड लागतात आणि मद्य वर्ज्य असलेल्या घरांतही चालतात, ही सोय आहे. पण प्रत्येक वनस्पतीला तिचा द्रावक लागतो. कॅलेंडुलाच्या फुलातील राळेसारखा अंश उतरवण्यासाठी जुन्या औषधकोशांत नव्वद टक्क्यांपर्यंतचा मद्यार्क सांगितला आहे. ग्लिसरीनला ते काम जमत नाही आणि त्यामुळे येथील कॅलेंडुला अर्क रंगाला व चवीला नावापुरताच वाटला. व्हॅलेरियनचा अर्क बरा आहे. त्याचा उग्र, मळकट मोज्यांसारखा वास कायम होता आणि तो असणे हे मूळ चांगले असल्याचे लक्षण मानले जाते. आपल्या तगराची ही जवळची नातेवाईक. रात्री घेतल्यावर झोप थोडी लवकर लागली असे मला वाटले, पण एका माणसाच्या अनुभवावरून औषधाचा गुण ठरत नाही, हे येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. कॅलेंडुला घ्यायचीच असेल तर तेलात मुरवून मधमाश्यांच्या मेणात केलेले मलम घ्यावे. टाचांच्या भेगांवर आणि स्वयंपाकघरातल्या किरकोळ ओरखड्यांवर आमच्या घरी ते आता हाताशी असते.

आता सल्लासेवेविषयी. आयुष मंत्रालयाच्या कक्षेत आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आणि होमिओपॅथी येतात. पाश्चात्त्य वनौषधी येत नाही. त्यामुळे औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर असलेल्या या बाई स्वतःला डॉक्टर म्हणवत नाहीत, निदान करत नाहीत आणि चालू औषध बंद करायला कधीही सांगत नाहीत. जवळजवळ तासभर त्यांनी माझी झोप, पचन, पूर्वीचे आजार आणि घरातले आजार यांची चौकशी केली, चालू गोळ्यांच्या पट्ट्या प्रत्यक्ष पाहिल्या, रक्तदाब मोजला आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी दिली. मी बसलो असताना एक वयस्क बाई ज्येष्ठमधाचा चहा मागायला आल्या, तेव्हा दुकानाच्या बाईंचा पहिला प्रश्न होता, ‘काकू, बीपीची गोळी चालू आहे का?’ उत्तर होकारार्थी आल्यावर त्यांनी ज्येष्ठमध दिले नाही; ते रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते, असे समजावून थाइम दिले. या विद्येचा खरा गाभा ही विचारपूस आहे. ब्रिटनमध्ये 1941 च्या कायद्याने वनौषधी-चिकित्सकांचे औषध देण्याचे स्वातंत्र्य जवळपास काढून घेतले होते आणि 1968 च्या कायद्याने ते परत दिले, तेही रुग्णाशी समोरासमोर सल्लामसलत करून औषध बनवून देणाऱ्यालाच.

म्हणूनच पुढचा प्रकार मला अत्यंत गंभीर वाटतो. एका शनिवारी संध्याकाळी बाई दुकानात नव्हत्या, गर्दी होती आणि काउंटरवरच्या मदतनिसाने सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल मला एकही प्रश्न न विचारता दिल्या. माझ्यापुढच्या तरुणीलाही तशाच दिल्या. ही वनस्पती सौम्य नैराश्यावर उपयुक्त म्हणून जर्मनीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. पण यकृतातील औषधांचे विघटन करणारी यंत्रणा ती जोरात चालू करते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन आणि एचआयव्हीवरील काही औषधे यांची रक्तातील पातळी खाली येते, तर नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतल्यास धोकादायक प्रतिक्रिया येऊ शकते. हृदयरोग्यांना दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनचाही प्रभाव तिने घटतो. हे डिगॉक्सिन फॉक्सग्लोव्ह या विषारी फुलझाडाच्या कुळातले औषध. श्रॉपशरमधल्या एका वृद्ध बाईच्या वीसेक वनस्पतींच्या औषधी मिश्रणातून इंग्रज वैद्य विल्यम विदरिंगने फॉक्सग्लोव्ह नेमकी वेगळी काढली आणि दहा वर्षे रुग्णांवरील परिणाम, यश आणि अपयश दोन्ही नोंदवून 1785 मध्ये ते प्रसिद्ध केले. वनस्पती किती द्यावी आणि कोठे थांबावे हे ठरवायला त्याने दहा वर्षे घेतली. येथे एका मिनिटात व्यवहार उरकला.

मी दुसऱ्या दिवशी फोन करून हे सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि मदतनिसाला समज देऊ असे म्हटले, परंतु पुढच्या भेटीतही त्या कॅप्सूल ग्राहकाच्या हाताला लागतील अशा मांडणीवरच होत्या. त्या काउंटरच्या आत ठेवाव्यात, बाई स्वतः हजर असतील तेव्हाच द्याव्यात आणि देण्यापूर्वी चालू औषधांची यादी लिहून घ्यावी. दुकानात कॉम्फ्री या वनस्पतीचे मूळ पोटात घेण्यासाठी विकले जात नाही, कारण त्यातील अल्कलॉइड नावाची द्रव्ये यकृताला घातक आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तीच शिस्त येथे का लागू होत नाही, हे मला समजत नाही.

दरांविषयी थोडक्यात : पन्नास ग्रॅम कॅमोमाइल 350 रुपये, मलमाची डबी 280, अर्काची पन्नास मिलिलिटरची बाटली 650 आणि पहिल्या सल्ल्याचे 1,200 रुपये. चहा आणि मलम या दरात रास्त आहेत, अर्क महाग आहेत, सल्ल्याचे पैसे पूर्ण वसूल होतात. सोमवारी दुकान बंद असते. ज्यांना कोणतीही गोळी रोज चालू आहे त्यांनी शनिवारची संध्याकाळ टाळावी, सकाळी बाई असताना जावे आणि आपल्या औषधांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात.