चांगला पंप काढून नेला, निकामी पंप बसवून दिला

डिझेल गाडीचा हाय प्रेशर पंप (इंजिनाला मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारा) खराब झाला आहे असे सांगून तो घरी येऊन बदलून देणाऱ्या एका विक्रेत्याने आणि त्याच्या कारागिराने आमची जी फसवणूक केली, तिची हकिगत मी येथे सविस्तर लिहीत आहे. निकृष्ट माल गळ्यात मारणे हा त्यातला अर्धाच भाग होता. आमच्या गाडीचा मूळ पंप धडधाकट होता. ‘बदली माल’ या नावाखाली तो काढून नेण्यातच त्यांची खरी कमाई होती, आणि निकामी म्हणून काढलेल्या वस्तूची पुन्हा कोणी चौकशी करत नसल्यामुळे ही चलाखी सहसा उघडकीस येत नाही.

आमची गाडी १.३ लिटर कॉमन रेल डिझेल इंजिनाची आहे. मूळ फियाटच्या रचनेचे हे इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातील मानेसरला तयार होत असे, आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसवले गेले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून ते गेले, पण जुन्या गाड्या आजही मोठ्या संख्येने धावत आहेत आणि त्यांचे मालक स्वस्तातला सुटा भाग शोधत असतात. त्यामुळे चालू स्थितीतल्या जुन्या पंपाला हातोहात गिऱ्हाईक मिळते. त्यात या इंजिनाचा पंप सिलिंडर हेडवर, कॅमशाफ्टच्या टोकाशी बसतो आणि तो बदलताना टायमिंग, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याशी पंपाचा मेळ, जुळवावे लागत नाही. हत्यारे जवळ असलेला माणूस घराच्या अंगणात हे काम करू शकतो. घरपोच सेवेच्या जाहिराती करणाऱ्यांना नेमकी हीच सोय उपयोगी पडते.

पावसाळ्यात गाडीला सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागू लागला. पुण्याहून कराडला येताना खंबाटकीच्या चढावर पिकअप एकदम जाई, चेक लाइट लागे, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की काही अंतर ती व्यवस्थित चाले. घरपोच आलेल्या कारागिराने स्कॅनर लावला, पडद्यावरचा ‘पी ००८७’ हा कोड मला दाखवला आणि पंप गेल्याचे जागीच सांगून टाकले. शोरूममध्ये याला चाळीस हजार घेतील, आम्ही कंपनीचा सीलबंद पंप १८,५०० रुपयांत बसवून देतो, फक्त जुना पंप बदली द्यावा लागेल, असा त्याचा प्रस्ताव होता. फोनवर विक्रेत्यानेही तेच शब्द जसेच्या तसे उच्चारले.

हा कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे प्रत्येक डिझेल गाडीमालकाने समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. इंजिनाच्या कॉम्प्युटरने जितका दाब मागितला तितका रेलमध्ये, म्हणजे दाबाखालचे डिझेल साठवणाऱ्या सामायिक नळीत, भरला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. टाकीतला छोटा विद्युत पंप डिझेल फिल्टरकडे ढकलतो, फिल्टरमधून ते हाय प्रेशर पंपात जाते, पंप ते शेकडो बार दाबाने रेलमध्ये भरतो आणि तिथून ते सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना मिळते. जोर लागला की हाच दाब हजार बारच्या पुढे जातो. या साखळीत कुठेही खोट असली तरी हाच कोड येऊ शकतो. फिल्टर तुंबला असेल, नळीच्या जोडातून हवा ओढली जात असेल, टाकीतला पंप मंदावला असेल, एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असेल किंवा दाब राखणारा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तरी स्कॅनर ‘पी ००८७’च दाखवू शकतो. म्हणून जाणकार मंडळी आधी फिल्टर आणि हवा तपासतात, मग टाकीतल्या पंपाचा दाब पाहतात, त्यानंतर चारही इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून कोणात किती डिझेल साचते याची तुलना करतात, आणि हे सगळे निर्दोष ठरल्यावरच पंपाकडे वळतात. आमच्याकडे आलेल्या माणसाने यातली एकही तपासणी केली नाही.

ठरलेल्या दिवशी तो पंप घेऊन आला. खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव होते, चकचकीत होलोग्राम होता, सील शाबूत होते. पण उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असलेले लेबल त्यावर कुठेच नव्हते. सीलबंद विकल्या जाणाऱ्या मालावर हा तपशील छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. मी विचारले तेव्हा, हा थेट कारखान्यातून गॅरेजसाठी येणारा माल असल्यामुळे त्यावर किंमत नसते, असे उत्तर मिळाले. हे उत्तर कोणाकडूनही आले तरी व्यवहार तिथेच थांबवण्याइतके ते गंभीर आहे.

काम सुरू होण्यापूर्वी मी पंपाचे, त्यावर कोरलेल्या क्रमांकाचे आणि सर्व नळ्यांचे फोटो काढले, आणि हाय प्रेशर नळीची नट पंपाला जिथे मिळते तिथे पांढऱ्या रंगाचा एक आडवा पट्टा ओढून ठेवला. जोडणीच्या वेळी सोय व्हावी एवढाच त्यामागचा हेतू होता. ही खूण पुढे सर्वांत मोठा पुरावा ठरली.

त्या माणसाची कामाची पद्धतही सांगितली पाहिजे, कारण घरी हे काम करणाऱ्याच्या जिवाशी तिचा संबंध आहे. इंजिन बंद करताच त्याने नळीच्या नटला पाना लावला. रेलमधला दाब उतरण्यासाठी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबणे अत्यावश्यक आहे, आणि इंजिन चालू असताना तर नळी सैल करण्याचा किंवा गळती बोटाने चाचपण्याचा विचारही करू नये. या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, वर फक्त टाचणीएवढी जखम दिसते आणि आतले स्नायू नासत जातात. असे झाले तर दुखो वा न दुखो, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात गेले पाहिजे. उघड्या पडलेल्या नळ्यांच्या तोंडांना त्याने टोपणे लावली नाहीत. नवा पंप सुरू करण्यापूर्वी किल्ली अनेकदा फिरवून त्यात डिझेल भरून घ्यायचे असते, कारण पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते आणि कोरडा फिरला तर तो घासला जातो. तेही त्याने केले नाही. मधल्या वेळात त्याने डिझेल फिल्टर मात्र बदलला आणि बिलात त्याचा उल्लेखही केला नाही. काढलेला फिल्टर मी पिशवीत घालून ठेवला होता. जुना पंप त्याने फडक्यात गुंडाळून व्यवस्थित डब्यात ठेवला, त्याच्या तोंडांना तेवढी टोपणे लावली आणि तो घेऊन गेला.

गाडी सुरेख चालू लागली. काही आठवड्यांनी इंजिनाजवळ डिझेलचा वास येऊ लागला, पंपाच्या बुडाशी ओल दिसू लागली आणि सेल्फ पुन्हा लांबला. यावेळी गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंप-नोझलचे काम करणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे नेली. त्यांनी आधी चिंधी थिनरमध्ये भिजवून पंपाच्या अंगावर फिरवली. चंदेरी रंग चिंधीवर उतरला आणि खाली काळवंडलेला धातू दिसला. क्रमांक जिथे कोरलेला असतो, तिथला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला होता आणि त्यावर नवे आकडे कोरले होते. बॅटरीच्या उजेडात तिरके धरल्यावर घासल्याचे ओरखडे सरळ दिसत होते. बोल्टांच्या खाचांत रंग साचला होता, आणि पाना लागून खाचांच्या कडा आधीच गोल झाल्या होत्या. “दादा, हा पंप याआधी निदान एकदा तरी उघडलाय. नवा असता तर रंग खाचेत कशाला गेला असता?” असे ते म्हणाले. पंप उघडल्यावर आतल्या प्लंजरवर (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यावर) उभ्या रेघा पडलेल्या होत्या आणि तळाशी बारीक चकाकणारा धातूचा कीस होता. तोच कीस परतीच्या डिझेलबरोबर टाकीत जाऊन तिथून फिल्टरमध्येही पोचला होता.

हा कीस म्हणजे या प्रकारातले सर्वांत महागडे नुकसान. तो रेलमध्ये आणि इंजेक्टरांत शिरतो, त्यामुळे नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, नळ्या, रेल सगळे धुवावे लागते आणि इंजेक्टर बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर चाचणी यंत्रावर, तपासावे लागतात. आमचे दोन इंजेक्टर त्यात गेले. पंपाच्या किमतीहून हा खर्च कितीतरी जास्त झाला.

नंतर त्यांनी माझ्या पिशवीतला जुना फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्या काळ्या चिकट थराने बुजल्या होत्या आणि तळाला गढूळ पाणी होते. गाडीचा मूळ दोष एवढाच होता. फिल्टर बदलताच तो गेला, आणि गाडी सुरेख चालू लागण्याचे श्रेय मात्र पंपाला मिळाले.

तोपर्यंत जुन्या पंपाचे काय झाले असेल हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. माझ्या भाच्याने दुसऱ्या नंबरवरून त्याच विक्रेत्याला मेसेज करून याच इंजिनाचा वापरलेला पण चांगला पंप आहे का, असे विचारले. उत्तरादाखल ‘गॅरंटीड चालू माल’ या ओळीसह फोटो आला. फोटोतल्या पंपावरचा क्रमांक माझ्या फोटोतल्या क्रमांकाशी आकड्यागणिक जुळत होता, आणि नळीच्या तोंडाशी अर्धवट तुटलेला पांढरा पट्टा होता. त्या पट्ट्याचा उरलेला अर्धा भाग आमच्या गाडीतल्या नटवर आजही आहे. मला ‘गेलेला’ म्हणून सांगितलेला पंप तो माणूस चांगला म्हणून विकायला बसला होता.

विक्रेत्याला विचारणा केली तेव्हा आधी त्याने तुमच्या डिझेलमध्ये पाणी असेल असे सांगितले, मग बसवलेल्या मालाला गॅरंटी नसते असे म्हटले आणि शेवटी नंबर ब्लॉक केला. त्याने दिलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिल्यावर ती नोंदणी भलत्याच नावाची आणि रद्द झालेली निघाली. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीची सुरुवात २७ ने होते, आणि समोर येणारे व्यवसायाचे नाव बिलावरच्या नावाशी जुळले पाहिजे. पैसे यूपीआयने एका खासगी व्यक्तीच्या खात्यात घेतले होते, हेही दुकानाच्या नावाशी विसंगत होते.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आणि ई-जागृती संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. उद्यमनगरच्या कारागिरांनी बेंचवरच्या तपासणीचा लेखी अहवाल सही-शिक्क्यासह दिला. कापलेला फिल्टर, उघडलेला पंप, बनावट खोके आणि दोन्ही फोटो मी जपून ठेवले आहेत.

ज्यांना यापुढे हा पंप बदलावा लागेल, त्यांनी काढलेला पंप काही झाले तरी स्वतःच्या ताब्यात ठेवावा आणि तो पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये बेंचवर तपासून निकामी ठरल्याशिवाय बदली देऊ नये. बदलीच्या अटीवर सूट मिळत असेल, तर ती रक्कम अनामत म्हणून भरून, पंप तपासणीनंतर जमा केल्यावर परत मिळेल असे पक्क्या बिलावर लिहून घ्यावे, आणि काढलेल्या व बसवलेल्या अशा दोन्ही पंपांचे क्रमांक त्याच बिलावर घालून घ्यावेत. सचोटीने धंदा करणारा दुकानदार याला हरकत घेत नाही. उद्यमनगरात मला हे सर्व न मागता लिहून मिळाले.

आमच्या तक्रारीची सुनावणी अजून व्हायची आहे. याच पद्धतीने ज्यांचा पंप बदलला गेला असेल, त्यांनी कारागिराने किंवा घरच्या कोणी त्या वेळी काढलेले फोटो मोबाइलमध्ये शोधावेत आणि जुन्या पंपाचा क्रमांक त्यात दिसतो का ते पाहावे. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.