ऑटोमॅटिक गाडी साठच्या वेगाला थरथरते: तेल बदलायचं, ट्यूब ओतायची की कन्व्हर्टर उतरवायचा?

सपाट रस्ता, वेग ५५ ते ७०, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला, काटा १३००-१५०० आरपीएमवर. अशा वेळी गाडी सेकंद-दोन सेकंद थरथरते, टोलनाक्याआधीच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. पाय जरा जास्त दाबला की थांबते, उचलला तरी थांबते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग असलेल्या) ऑटोमॅटिकचं हे जुनं दुखणं आहे आणि त्यावरचे सल्लेही ठरलेले आहेत. कुणी तेल बदला म्हणतो, कुणी मशीनने फ्लश करा म्हणतो, कुणी तेलात ओतायच्या ॲडिटिव्हची एक छोटी ट्यूब पुढे करतो, तर कुणी थेट कन्व्हर्टरचं एस्टिमेट काढतो. यातला प्रत्येक उपाय कुठे ना कुठे बरोबर असतो. मात्र बऱ्याचदा दोष गिअरबॉक्सचा नसतोच, त्यामुळे तेलाचा डबा उघडण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा.

आधी बघा, गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे

दोन पेडलांच्या प्रत्येक गाडीला आपण ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, पण आत चार निराळ्या यंत्रणा असू शकतात.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मोटर किंवा हायड्रॉलिक हात लावलेला. ती सुटताना थरथरली तर दोष क्लच प्लेटचा किंवा प्रेशर प्लेटचा. गिअर ऑईल बदलून उपयोग नाही.

फोक्सवॅगनचा सात गिअरचा डीक्यू२०० डीएसजी (पोलो आणि व्हेंटोच्या १.२ टीएसआयमधला) हा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स दोन कोरड्या क्लचवर चालतो. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला तो थरथरला, तर आतलं तेल त्या क्लचला शिवतही नाही. अशा गाडीला ‘एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) बदलून बघू’ म्हणणाऱ्या मेस्त्रीकडून किल्ली परत घ्यावी.

सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या बॉक्समध्ये, थोडी गुंतागुंत आहे. जुन्या होंडा सिटी झेडएक्सच्या सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नव्हताच, तेलात बुडालेला स्टार्ट क्लच होता. म्हणून ती जागेवरून हलताना थरथरायची आणि होंडाचं एचएमएमएफ तेल बदलल्यावर अनेकदा शांत व्हायची. नंतरच्या कन्व्हर्टरवाल्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागतं. नावं जवळची असली तरी एकाचं तेल दुसऱ्यात जात नाही, आणि साधं एटीएफ तर दोन्हींत नाही.

पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांबद्दल आहे: इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, सहा गिअरची क्रेटा डिझेल, बीएमडब्ल्यूमधला झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स.

ब्रेकची कसोटी

रस्ता मोकळा असावा, मागे गाडी नसावी. इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण गरम झालेले हवेत, म्हणजे किमान २०-२५ मिनिटं गाडी चाललेली हवी. थरथर सुरू झाली की उजवा पाय आहे तिथेच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करायचा. ब्रेक लागू द्यायचा नाही, फक्त मागचा दिवा पेटेल इतकंच. दिव्याच्या स्विचचा सिग्नल मिळताच बहुतेक गिअरबॉक्स कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) सोडून देतात. त्याच क्षणी थरथर गायब झाली आणि आरपीएम शे-दोनशेने वर गेला, तर दोष बहुधा लॉकअपमध्ये. डाव्या पायाची ही करामत एरवी करायची नाही, फक्त या चाचणीपुरती.

थरथर तशीच राहिली तर कारण दुसरीकडे शोधा. सर्वात जास्त फसवतो तो इंजिनचा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं. लॉकअप झाल्यावर इंजिन आणि चाकं जवळजवळ घट्ट जोडली जातात, म्हणून प्लग किंवा इग्निशन कॉइलचा बारीक मिसही तेव्हाच जाणवतो आणि हुबेहूब गिअरबॉक्सच्या थरथरीसारखा वाटतो. लॉकअप सुटला की तोही थोडा सौम्य होतो, त्यामुळे ब्रेकची कसोटी एकटी पुरत नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे आणि दोष-कोड वाचणारं यंत्र) लावून सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी बघावी. डिझेलला इंजेक्टरचे करेक्शन आकडे (कोणत्या सिलिंडरला इंधन कमी-जास्त करावं लागतंय ते) बघावेत. थरथर ८५-९०च्या पुढेच येत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडूनही तशीच राहत असेल, तर ती चाकांच्या बॅलन्सिंगची. जोरात पिकअप घेतानाच अंग हलवत असेल आणि पाय सोडताच थांबत असेल, तर ॲक्सलचा आतला सीव्ही जॉइंट बघा. सिग्नलला ‘डी’मध्ये उभं असताना हादरत असेल तर इंजिन माउंटिंग.

स्कॅनरवर आणखी एक आकडा मिळतो: कन्व्हर्टरची स्लिप, म्हणजे इंजिन आणि टर्बाइन (कन्व्हर्टरमधला गिअरबॉक्सकडचा पंखा) यांच्या आरपीएममधला फरक. लॉकअप पूर्ण धरलेला असताना तो शून्याजवळ असतो. काही गिअरबॉक्स मुद्दाम २०-४० आरपीएमची स्लिप ठेवतात, तो दोष नव्हे. थरथरीच्या क्षणी हा आकडा वर-खाली उड्या मारत असेल, तर निदान पक्कं. पी०७४१ हा दोष-कोड आला असेल तर लॉकअप नीट धरतच नाही, पण कोड नाही म्हणजे दोष नाही असं समजू नये. सुरुवातीच्या थरथरीत कोड सहसा येत नाही.

तेल आणि थरथर यांचा संबंध

लाकडी स्टूल फरशीवरून ढकललं की ते सरळ सरकत नाही, थडथडत जातं. अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. लॉकअप क्लच घसरत-घसरत धरतो तेव्हा हेच होऊ शकतं. ते होऊ नये म्हणून एटीएफमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घातलेले असतात, ज्यांच्यामुळे स्थिर घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त होत नाही. उष्णतेने आणि किलोमीटरने ते संपतात. कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा घाट भरल्या गाडीने, त्यात उन्हाळ्यात, नेहमी चढणाऱ्या गाडीत ते लवकर संपतात.

तेलामुळेच थरथर येते आणि तेलानेच जाते याचं ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. जनरल मोटर्सच्या ८एल४५ आणि ८एल९० या आठ गिअरच्या बॉक्समध्ये मूळ तेल ओलावा शोषायचं आणि लॉकअप थरथरायचा. कंपनीने सर्व्हिस बुलेटिन काढून जुनं तेल काढून टाकून मोबिल १ सिंथेटिक एलव्ही एटीएफ एचपी भरायला सांगितलं.

कोणतं तेल: तीन पर्याय समोरासमोर

‘एटीएफ, सगळ्या गाड्यांना चालतं’ हे वाक्य जिथे ऐकाल तिथे थांबा. लाल रंग बहुतेकांचा सारखाच असतो, गुण वेगळे. टोयोटाचं जुनं टी-फोर तेल १०० अंशांना सुमारे ७ सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं एकक) जाड, तर नवं डब्ल्यूएस साडेपाचच्या आसपास. दोन्ही टोयोटाची, तरी अदलाबदल करू नका असं टोयोटाच सांगते. याउलट २००५ साली आलेलं जनरल मोटर्सच्याच मानकाचं डेक्स्रॉन-६ तेल जुन्या डेक्स्रॉन-३च्या जागी चालेल असं कंपनीने स्वतः जाहीर केलं. म्हणजे ‘नवीन ते जुन्यात चालतं’ असा सरसकट नियमही नाही. प्रत्येक वेळी मॅन्युअल उघडावं लागतं. क्रिस्टाला डब्ल्यूएस, सहा गिअरच्या ह्युंदाई-कियाला एसपी-फोर (चार गिअरच्या जुन्यांना एसपी-थ्री), झेडएफच्या आठ गिअरला लाइफगार्ड ८.

पहिला पर्याय गाडीच्या कंपनीचं तेल. महाग पडतं, पण आधीच थरथरणाऱ्या गाडीला आम्ही हेच सुचवू. कारण साधं आहे: दुसरं तेल घालूनही थरथर राहिली, तर दोष तेलाचा की क्लचचा हे कधीच कळणार नाही.

दुसरा पर्याय परवानाधारक तेल. डेक्स्रॉन-६च्या डब्यावर ‘जे’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो असेल तर निर्धास्त घ्या. पण डब्ल्यूएससाठी टोयोटा बाहेरच्या कंपन्यांना असा परवाना देत नाही, त्यामुळे तिथे हा पर्यायच उरत नाही.

तिसरा पर्याय ‘मल्टी-व्हेइकल’ तेल. डब्यामागची ओळ नीट वाचा. ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘वापरण्यास योग्य’ यांत फरक आहे, दुसरा दावा तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा असतो. नामवंत कंपनीचं असलं तर निरोगी गिअरबॉक्समध्ये नियमित बदलासाठी चालून जातं. थरथरीच्या इलाजासाठी नको.

कसं बदलायचं: ड्रेन की फ्लश

खालचा प्लग काढून जे तेल पडतं ते सगळं तेल नव्हे. बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमध्ये राहतं. समजा एकूण ८ लिटर आहे आणि ३.५ लिटर निघालं. एका बदलात ४४ टक्के तेल नवं होतं, दुसऱ्यात ६८, तिसऱ्यात ८२. म्हणून एकदाच बदलून ‘फरक पडला नाही’ म्हणणं घाईचं आहे. दोन बदलांमध्ये ३००-५०० किमी गाडी चालवावी.

मशीन कूलरच्या नळीला जोडून करायच्या बदलात एका बैठकीत नव्वद टक्क्यांच्या आसपास तेल बदलतं, पण त्यासाठी १०-१२ लिटर लागतं आणि पॅन उघडत नसल्याने फिल्टर जुनाच राहतो. दुसरी गोम म्हणजे मशीनच्या टाकीत आधीच्या गाडीचं किंवा ड्रममधलं ‘युनिव्हर्सल’ तेल असू शकतं. सीलबंद डबे आपल्यासमोर फोडून ओतायला लावा. ‘फ्लश केल्यावर गिअरबॉक्स गेला’ या गोष्टींत बहुतेकदा गिअरबॉक्स आधीच घसरत असतो. दीड लाख किलोमीटर तेल न बदललेल्या गाडीला आम्ही तरीही मशीन लावणार नाही, टप्प्याटप्प्याने ड्रेन करू.

‘लाइफटाइम तेल आहे, बदलायचं नसतं’ असं ऐकवणाऱ्यांसाठी: गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला तेल बदलायला सांगते. त्या आठ गिअरच्या बॉक्सला प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकत्रच येतो, तो अख्खा बदलावा लागतो.

काम करताना भरायचा प्लग आधी सैल करा, सोडायचा नंतर. वरचा जाम निघाला आणि खालून तेल गेलेलं असलं, तर गाडी जागेवर अडकते. पडलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच भरा. दोन्ही वॉशर नवे लावा. डिपस्टिक नसलेल्या बॉक्सची पातळी गाडी लेव्हलवर, इंजिन चालू, सगळे गिअर एकेकदा फिरवून झाल्यावर आणि तेल ठरावीक तापमानाला असताना बघतात. टोयोटात ते ४० अंशांच्या आसपास असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ओव्हरफ्लो प्लगमधून धार थांबून थेंब-थेंब पडू लागलं की प्लग बंद. गरम असताना पातळी लावली तर तेल कमी राहतं आणि पंप हवा ओढतो. जास्त भरलं तर फेस होतो, आणि फेसानेही क्लच घसरतो.

निघालेल्या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. तपकिरी म्हणजे म्हातारं तेल, आशा आहे. काळं आणि जळका वास म्हणजे क्लचचं अस्तर गेलेलं. पॅनच्या चुंबकावर करडी पेस्ट असणं नेहमीचं, चमकणारे कण नव्हेत. गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट शिरलंय. तिथे तेलाची चर्चा संपली, गाडी चालूही करू नका.

ट्यूब आणि कन्व्हर्टर

साधारण ६० मिलीच्या ट्यूबमध्ये मुख्यतः फ्रिक्शन मॉडिफायर असतात. ती ओतून थरथर थांबली तर घर्षणाचंच दुखणं होतं हे सिद्ध होतं, एवढ्यापुरती ती स्वस्त चाचणी आहे. तीही तेलाचा पूर्ण बदल लगेच शक्य नसेल तरच. दोन ट्यूब ओतल्या तर घर्षण इतकं कमी होतं की गिअरचे क्लच घसरू लागू शकतात. वॉरंटीतल्या गाडीत आणि सीव्हीटीत ती नकोच.

योग्य तेलाचे तीन बदल झाले, स्कॅनरने ॲडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या संगणकाने शिकून ठेवलेल्या क्लचच्या सवयी) रीसेट केलं, ३०० किमी चालवलं आणि तरीही थरथर आहे, तर लॉकअपचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असू शकतं. तेव्हा आधी लॉकअप सोलेनॉइड (लॉकअपचा तेलदाब सोडणारा-रोखणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि त्याचं वायरिंग तपासून घ्या, ते बिघडूनही हीच लक्षणं येतात आणि काही बॉक्समध्ये ते पॅन काढून बदलता येतं. तिथेही दोष सापडला नाही तरच गिअरबॉक्स उतरवून कन्व्हर्टर बदलावा, आणि एस्टिमेटमध्ये कूलर व त्याच्या नळ्या धुण्याची ओळ आहे का ते बघावं. अस्तराची बारीक भुकटी तिथेच साचलेली असते, आणि नव्या कन्व्हर्टरमध्ये पहिलं तेल त्याच वाटेने जातं.