अंगणातले पेव्हर ब्लॉक : कंत्राटदार ठरवण्याआधी केलेल्या आखणीचा ११ महिन्यांनंतरचा अनुभव

घरासमोरच्या ८ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतल्याला आता ११ महिने झाले आहेत. या काळात त्यावर रोज गाडी उभी राहिली, एक संपूर्ण पावसाळा होऊन गेला आणि एकदा बांधकामाच्या साहित्याचा जड ढीगही पंधरा दिवस पडून होता. काम सुरू होण्यापूर्वीचे जवळजवळ दोन महिने मी केवळ मोजमापे, चित्रे आणि चौकशी यांत घालवले होते. त्यामुळे हा अनुभव जितका ब्लॉकचा आहे तितकाच त्या दोन महिन्यांच्या आखणीचा आहे. ती आखणी कुठे उपयोगी पडली आणि कुठे तोकडी पडली, हे आता पायाखालीच स्पष्ट दिसते.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली होती, हे आधीच सांगते. पहिले दोन आठवडे रंग, आकार आणि नक्षी यांतच गेले. हेरिंगबोन, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात लावलेली नागमोडी रचना, की विटांच्या भिंतीसारखी साधी रचना, यावर घरात बराच खल झाला. तो निर्णय प्रत्यक्षात फारसा अवघड नव्हता, कारण गाडी जिथे वळते आणि ब्रेक लावते तिथे ब्लॉक आडवे सरकू पाहतात, आणि हेरिंगबोनमध्ये ते सर्व दिशांनी एकमेकांत अडकलेले असल्यामुळे ती रचना सरकण्याला सर्वांत चांगला विरोध करते. ती तिरपी, ४५ अंशांत घेतली तर कडेला ब्लॉक कापण्याचे प्रमाण वाढते, म्हणून आम्ही सरळ, ९० अंशांतली निवडली. विषय एवढाच होता.

खरा प्रश्न पाण्याचा होता, आणि तो मला योगायोगाने उमगला. पाणी घरापासून दूर वाहून जावे यासाठी दर मीटरला साधारण २ सेंटीमीटर ढाळ ठेवावा असे मी ठरवले होते. म्हणजे जोत्यापासून फाटकापर्यंतच्या साडेपाच मीटरमध्ये ११ सेंटीमीटर उतार हवा. शिवाय ब्लॉकचा पृष्ठभाग जोत्यातल्या ओलरोधक थराच्या किमान १५ सेंटीमीटर खाली असावा लागतो, नाही तर उडणारे पाणी भिंतीत मुरते. एका सकाळी पारदर्शक नळीत पाणी भरून, एक टोक जोत्याशी आणि दुसरे फाटकाच्या खांबाशी धरून आम्ही पातळी तपासली. दोन्ही टोकांचे पाणी स्थिर झाल्यावर खांबावर पेन्सिलने खूण केली, तेथून फाटकाच्या उंबऱ्यापर्यंत टेपने मोजले आणि आकडा जोत्याच्या मापाशी ताडून पाहिला, तेव्हा लक्षात आले की ते १५ सेंटीमीटर राखल्यावर उतारासाठी उपलब्ध असलेला फरक जेमतेम ७ सेंटीमीटर आहे. फाटकाबाहेरचा रस्ता खाली नेता येणार नव्हता आणि जोते वर उचलता येणार नव्हते. तेव्हा सगळा ढाळ फाटकाकडे न देता बाजूच्या वाफ्याकडे वळवायचा, वाफ्याच्या कडेने उथळ गटार काढायचे आणि ते पाणी बागेत मुरवायचे, असे आम्ही कागदावर बदलले. नळी आणि पेन्सिल एवढ्यावर झालेला हा बदल खोदाईनंतर सुचला असता, तर तो करता आलाच नसता.

पावसाळ्यात या निर्णयाची परीक्षा झाली. जोराच्या सरीनंतर दहा-पंधरा मिनिटांत अंगण मोकळे होते आणि जोत्याच्या कडेला ओल दिसत नाही. गच्चीवरून येणाऱ्या पाइपचे तोंडही आखणीतच थेट गटारात सोडले होते. ते अंगणावर सोडले असते तर सांध्यातली वाळू एकाच जागी सतत धुऊन गेली असती.

आता थरांविषयी. पेव्हरचे काम म्हणजे वरून दिसणारे ब्लॉक, असा माझाही समज होता. गाडीच्या अंगणासाठी ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक सामान्यतः पुरतो, आणि जड वाहने वारंवार येणार असतील तेव्हा ८० मिलिमीटरचा घेतात. मात्र वरच्या जाडीपेक्षा खालचा खडीचा थर महत्त्वाचा असतो, कारण भार पसरवण्याचे काम तोच करतो. आमची माती चिकण आहे. ती ओली झाली की फुगते आणि मऊ पडते, सुकली की आकसते. म्हणून आम्ही खडी २०० मिलिमीटर ठरवली आणि माती व खडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल कापड घेतले. त्यावर ३० मिलिमीटर जाड वाळूचे अंथरण आणि वर ६० मिलिमीटरचा ब्लॉक धरला, की खोदाईची खोली २९० मिलिमीटर होते. ४४ चौरस मीटरला या खोलीने गुणले की सुमारे पावणेतेरा घनमीटर माती निघते, आणि खोदलेली माती फुगत असल्याने ट्रकमध्ये ती त्याहून चतुर्थांशाने अधिक भरते. हा हिशेब हाती असल्यामुळे माती कुठे टाकायची आणि किती फेऱ्या लागतील, हे आधीच बोलता आले. उलट खडी दबल्यावर कमी होते, म्हणून ८.८ घनमीटरचा थर हवा असेल तर जवळपास ११ घनमीटर मागवावी लागते. २०० बाय १०० मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला सुमारे ५० लागतात, त्यामुळे २,२०० आणि त्यावर कापण्या-फुटण्यासाठी १० टक्के, असा आकडा निघाला.

हे सगळे एका पानावर, आडव्या छेदाच्या चित्रासह मांडून मी तीन कंत्राटदारांना तेच पान दिले. आखणीचा सर्वांत मोठा फायदा इथे झाला. एकाच्या कोटेशनमध्ये खडीच्या जागी फक्त ‘आवश्यकतेनुसार’ एवढाच शब्द होता. दुसऱ्याने खोदाई १५ सेंटीमीटर पुरे होईल असे सांगितले, आणि त्यातून ब्लॉक व वाळू वजा केली की खडीला ६ सेंटीमीटरच उरतात, हे त्याच्यासमोरच आकडेमोड करून दाखवल्यावर तो गप्प झाला. तिसऱ्याने उलट मलाच विचारले की खडी एकदम २०० मिलिमीटर टाकून दाबायची की १०० मिलिमीटरच्या दोन थरांत. लहान प्लेट कॉम्पॅक्टरचा, म्हणजे खडी ठोकून दाबणाऱ्या यंत्राचा, दाब फार खोलवर पोहोचत नाही, त्यामुळे थरांत दाबणेच योग्य असते. हा प्रश्न विचारणाऱ्यालाच आम्ही काम दिले.

असे असूनही सर्व काही सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही, आणि ज्या दोन ठिकाणी बिघडले ती दोन्ही माझ्या पानावर अर्धवट लिहिलेली होती.

पहिली जागा फाटकाजवळची. तिथे नळाची जुनी लाइन बदलण्यासाठी काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी एक चर खणला होता आणि तो मातीने भरून पायाने दाबला होता. चर थरांत भरून धुम्मसाने किंवा यंत्राने दाबावा, हे वाक्य मी पानावर लिहिले नव्हते, कारण ते काम ‘पेव्हरचे’ नाही अशी माझी समजूत होती. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या रेषेवर हातभर रुंदीचे डबके दिसू लागले. अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फटीत मोजले तेव्हा खळगा १४ मिलिमीटर भरला. कंत्राटदाराचा मुकादम येऊन पाहून गेला आणि म्हणाला, “ताई, गाडी फिरली की आपोआप बसेल.” जे खचले आहे ते गाडी फिरून वर कसे येईल, हा माझा प्रश्न त्याने हसण्यावारी नेला.

अखेर आठव्या महिन्यात आम्ही ते घरीच दुरुस्त केले, आणि या प्रकारच्या फरशीचा खरा गुण मला तेव्हा कळला. पहिला ब्लॉक काढायला अर्धा तास लागला. सांध्यातली वाळू पातळ सुरीने खरवडून काढली, दोन चपटे स्क्रूड्रायव्हर समोरासमोर घालून तो हळूहळू हलवला, आणि कोपरा फुटल्याचा आवाज आल्यावर तो बळी गेल्याचे मान्य केले. तो एक निघाल्यावर मात्र उरलेले ३८ ब्लॉक हाताने उचलता आले. खालची वाळू खरडून काढली, कापड बाजूला करून चरातली सैल माती घट्ट ठोकली, खडी घालून पुन्हा ठोकली, दोन पाइपांवरून पट्टी ओढून नवी वाळू सपाट केली आणि तेच ब्लॉक परत बसवले. काँक्रीटची सलग फरशी असती तर तिथे कायमचे ठिगळ दिसले असते. इथे आज शोधूनही ती जागा सापडत नाही.

दुसरी जागा हिरवळीच्या बाजूची कड. ब्लॉकची कड बांधलेली नसेल तर बाहेरची रांग हळूहळू बाहेर सरकते, सांधे रुंदावतात, वाळू गळते आणि मग आतल्या रांगाही सैल होतात. माझ्या पानावर ‘कडेला काँक्रीट’ एवढेच शब्द होते. भिंतीच्या आणि फाटकाच्या बाजूला प्रश्न आला नाही, पण हिरवळीकडे खडीवर बसलेला काँक्रीटचा पट्टा घालण्याऐवजी मातीवरच सिमेंटचा पातळ लेप ओढला गेला. पाचव्या महिन्यात त्याला तडे गेले आणि आता तिथल्या शेवटच्या रांगेतले सांधे ४ ते ५ मिलिमीटरने उघडले आहेत. कंत्राटदाराचे म्हणणे असे की काँक्रीट सांगितले होते आणि कडेला काँक्रीट आहे. शब्दशः पाहिले तर त्याला खोटे ठरवता येत नाही.

काही बारीक गोष्टीही नोंदवण्यासारख्या आहेत. दुसऱ्या महिन्यात गडद ब्लॉकवर पांढरी पूड दिसू लागली. काँक्रीटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो, त्याचाच हा थर असतो. तो आम्लाने धुण्याचा सल्ला मला मिळाला होता, पण आम्लाने ब्लॉकचा पृष्ठभाग आणि रंग दोन्ही जातात, म्हणून मी थांबले. पाऊस आणि नेहमीच्या झाडलोटीने सातव्या महिन्यापर्यंत तो जवळजवळ नाहीसा झाला. रंगाच्या बाबतीत एक चूक राहिली. ब्लॉक एकाच पॅलेटमधून, म्हणजे ते रचून येतात त्या एकाच लाकडी फळीवरच्या ढिगातून, सलग लावले गेल्यामुळे पायऱ्यांजवळचा चौकोन किंचित गडद दिसतो. तीन-चार पॅलेटमधून मिसळून लावावेत असे सांगायला हवे होते. सांध्यात गवत अधूनमधून येते, आणि कापड घातले असूनही येते, कारण बिया वरून पडतात व सांध्यातल्या धुळीतच रुजतात. तिसऱ्या महिन्यात सांध्यात पुन्हा कोरडी वाळू झाडून भरली, त्यानंतर ते पुष्कळ कमी झाले.

ज्या गोष्टीवर मी काम सुरू असताना सर्वांत जास्त वाद घातला, ती दिसतही नाही. खडीच्या खालून अंगणाच्या आरपार एक रिकामा प्लास्टिकचा पाइप, आत ओढदोरी घालून आणि दोन्ही तोंडे बंद करून, पुरून ठेवा असे मी लिहिले होते. तो कशासाठी, हे मला तेव्हा नेमके सांगता आले नव्हते. सहाव्या महिन्यात फाटकाच्या दिव्यासाठी वायर न्यायची वेळ आली आणि ती एकही ब्लॉक न उचलता त्या पाइपमधून वीस मिनिटांत ओढली गेली. पाइप जोत्यापासून किती अंतरावर आणि किती खोल आहे, याचे चित्र मी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवले आहे.

हिरवळीची कड आता दुसऱ्या गवंड्याकडून करून घ्यायची आहे. त्याला देण्याच्या कागदावर या वेळी पट्ट्याची रुंदी, खोली, खाली खडी किती, काँक्रीट ब्लॉकच्या निम्म्या उंचीपर्यंत चढवायचे की त्याहून वर, आणि शेवटची रांग काढून पुन्हा बसवण्याचे काम कोणाचे, हे सगळे लिहिले आहे. दुरुस्तीनंतर शिल्लक असलेल्या ६४ ब्लॉकपैकी त्याला किती लागतील, तो आकडा तेवढा अजून भरायचा आहे.