वायरचा कॅमेरा आणि गांधीलमाशीची राणी

मोबाइलला जोडायचा हा वायरचा एंडोस्कोप कॅमेरा लोक तुंबलेले पाइप बघायला घेतात. मी घेतला तो गांधीलमाशीच्या राणीसाठी. थंडी ओसरत होती आणि अडगळीच्या खोलीतल्या रिकाम्या खोक्यात ती एकटीच ये-जा करताना दिसली. तेव्हा ती एकटीच असते. आदल्या शरदात नराशी मीलन झालेलं, त्याचं बीज पोटात जपलेलं, आणि सगळा हिवाळा एखाद्या सालीखाली निपचित काढलेला.

ती पोळ्याच्या कागदासाठी लाकूड खरवडायला बाहेर गेली तेवढ्यात कॅमेरा आत चिकटवला. बसवायला अगदी सोपा आहे.

पाच सेंटिमीटरवरून चित्र लखलखीत येतं, दहाच्या पुढे धूसर. पण त्या पाच सेंटिमीटरमध्ये मला जे दिसलं त्यासाठी पैसे वसूल! वरून लोंबणारा एक देठ, त्याला खाली तोंड असलेली मोजकी षट्कोनी घरं, प्रत्येक घराच्या भिंतीला चिकटलेलं एकेक पांढरं अंडं. रात्री राणी त्या देठाला वेटोळं घालून पडायची. मला वाटलं, दमून झोपली. पण पोट सारखं आत-बाहेर होत होतं. पंख न हलवता उडण्याचे स्नायू चालवून ती ऊब तयार करते आणि पिल्लांना देते. घर बांधणं, शिकार आणणं, अळ्यांना भरवणं हे दिवसभर उरकून रात्री पुन्हा हे काम! याच काळात कितीतरी राण्या मरतात, आणि मग पोळं तिथंच संपतं.

आता दोष. कॅमेऱ्याचे दिवे फार प्रखर आहेत. सगळ्यात मंद केले तरी राणी काम थांबवून लेन्सकडे तोंड करून उभी राहिली. मी लाल जिलेटीनचे दोन थर गुंडाळले, मग तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. या माश्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. कंपनीनं लाल दिवा द्यायलाच हवा होता.

साधारण महिन्याभरात पहिल्या कामकरी माश्या निघाल्या. बाहेरची कामं त्यांनी घेतली, राणी अंडी घालायला आत राहिली. आणि पोळ्याचं कागदी आवरण वाढवता वाढवता त्यांनी माझी लेन्ससुद्धा लिंपून टाकली. चित्र गेलं ते गेलंच. काढायला हात घालू नका! पोळ्याला धक्का लागला किंवा तोंडाशी श्वास पडला तरी त्या धोक्याचा गंध सोडतात आणि घोळक्यानं अंगावर येतात. मी खोली बंद केली आणि थांबलो.

शरदात नवे नर आणि नव्या राण्या बाहेर पडल्या. जुनी राणी आणि कामकरी माश्या थंडीबरोबर संपल्या. त्या पोळ्यात पुन्हा कुणी राहायला येत नाही, म्हणून हिवाळ्यात ते निर्धास्त उतरवलं. सगळ्यात वरच्या थरात तो देठ आणि ती पहिली घरं तशीच होती, तोंडाशी कोषाच्या रेशमाचे तुकडे, आणि बाजूनं गेलेली माझी वायर.

लेन्स ओल्या कापडानं पुसली, चालू आहे. पाचपैकी चार तारे. पुढच्या वेळी देठापासून जरा लांब, खोक्याच्या कोपऱ्यात लावणार आहे.